नाल्याकडे निघालेली माती

मुंबईत आरेच्या जंगलातल्या आमच्या पाड्यावर चार बायका भाजी निवडायला बसल्या की किस्से निघतातच. एकीनं सुरू केलं की दुसरी लगेच, "अगं, ते काहीच नाही!" आणि भाजी संपली तरी गप्पा संपत नाहीत. त्यातले अर्धे किस्से एकट्या जयवंतीच्या शेताचे!

जयवंती माझी शेजारीण. उतारावर एवढंसं शेत, पावसात भात, नंतर मुळा, माठ, वाल. पण दर पावसाळ्यात वरची चांगली माती वाहून खालच्या नाल्यात! तिचा नवरा रमेश वैतागला. म्हणाला, "अजून एक पाऊस बघतो. माती टिकली तर शेती, नाहीतर मी चाललो अंधेरीला वॉचमन!"

त्या शेतावर जयवंतीचा जीव आहे. रमेश गेला तर एकटीला ते झेपणार नव्हतं. आम्हाला म्हणाली, "मदत करा गं, नाहीतर शेत गेलं." आम्ही काय, पदर खोचून तयार!

*

आधी नाल्यात पाणी अडवायचं ठरलं. गोण्यांत माती भरायची आणि आडव्या रचायच्या, म्हणजे हिवाळ्यात भाजीला पाणी. गोण्या आणायचं काम रमेशकडे. मार्केटमधून फुकटात ढीग मिळाला म्हणून स्वारी खुशीत!

बघतो तर कांद्याच्या, जाळीच्या गोण्या. वरून माती भरली की खालून भुरुभुरु बाहेर.

जयवंती म्हणाली, "अरे, माती अडवायचीय की चाळायचीय?"

*

मग सिमेंटच्या गोण्या मिळाल्या, बंधारा झाला, पाणी झकास साचलं. एका सकाळी जाऊन बघतो तर पाण्यात म्हशी! पलीकडच्या तबेल्यातून आल्या आणि बसल्या मस्त डुंबत. तबेलेवाला भैया काठावरून ओरडून ओरडून दमला, एक म्हैस जागची हलेना.

शेवटी त्यानं जयवंतीपुढे हात जोडले. "भाभी, आप ही बोलो ना इनको!"

जयवंती कसली हुशार! म्हणाली, "बैठने दो. बंधारे पे पाँव नहीं पडना चाहिए. और गोबर मेरा!"

त्या वर्षी तिच्या शेतात पडलं तेवढं शेणखत पाड्यावर कुणी बघितलं नव्हतं. पण आता तर धाकधूक वाढली ना! खत घातलेली माती वाहून गेली तर दुप्पट नुकसान.

*

म्हणून उन्हाळ्यात दगडी बांध घालायला घेतले. बांध उताराला आडवा आणि एका लेव्हलमध्ये पाहिजे, नाहीतर पाणी एका कोपऱ्यात धावतं आणि तिथून फोडून जातं. आमच्या घरी गवंडीकाम. माझे मिस्टर लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन आले; तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर राहतं. उन्हात नळीतलं पाणी नीट दिसेना, म्हणून त्यात त्यांनी कोकम सरबत भरलं. लालचुटुक! लांबूनसुद्धा लेव्हल दिसायला लागली.

अर्धा बांध झाल्यावर मिस्टर जेवून आले. नळी उचलली तर रिकामी!

"कुणी सांडली रे लेव्हल?"

रमेश तोंड पुसत म्हणाला, "सांडली नाही. साखर कमी होती."

*

रमेशची थोरली वहिनी शेवंता. तिचं शेत जयवंतीच्या बरोबर वर. तिलाही म्हटलं, तुझ्याकडेही बांध घालून देतो. तर नाक मुरडून म्हणाली, "दगडं रचून भात पिकतो होय? माझ्या शेतात एक दगड ठेवाल तर याद राखा!"

मग काय, राहिलं.

*

आणि आला पाऊस. असा कोसळला की वाटलं, वाट लागली! नेमकं दुसऱ्या दिवशी रमेशला कामावर हजर व्हायचं होतं, कारण पठ्ठ्यानं नोकरीची सेटिंग आधीच लावून ठेवली होती. सकाळी उघडीप झाली. निळा युनिफॉर्म, गळ्यात शिट्टी, अशा थाटात तो निघाला, आणि जाता जाता शेत बघायला आमच्याबरोबर आला.

बांध जसेच्या तसे! एक दगड हललेला नाही. आणि प्रत्येक बांधामागे मऊ, काळ्याभोर मातीचा थर. जयवंती ढसाढसा रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू! एवढ्या कष्टांचं सोनं झालं होतं.

तेवढ्यात वरून शेवंतावहिनी घमेलं घेऊन तरातरा आली. तिचं शेत पार खरवडून निघालं होतं.

"ही माती माझी आहे! माझ्या शेतातून वाहून आलीय. मी घेऊन जाणार!"

जयवंती रमेशकडे बघायला लागली. या वहिनीपुढे तो जन्मात कधी मान वर करून बोललेला नाही. त्याचा फोन वाजायला लागला. सुपरवायझरचा. रमेशनं फोन कट केला, बुटांसकट बांधावर चढला आणि जोरात शिट्टी फुंकली.

"वहिनी, तिथंच थांबा! आधी रजिस्टरमध्ये एंट्री करा!"