पेट्रोल वाढलं कसं?

बाकीच्या गाड्या बटण दाबलं की आवाज करतात. ही नुसती दिवे लावून बघत बसायची. मला माणसंही तसली चालत नाहीत, बोलायचं नाही आणि बघत राहायचं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझा तिच्यावर विश्वास नव्हता.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या मालकांची. घर पंचवटीत, द्राक्षबाग दिंडोरीकडे. पुण्याच्या नातेवाइकाकडून त्यांनी ही परदेशी बनावटीची गाडी घेतली होती. प्लग लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी. बागेवरचे ट्रॅक्टरवाले तिला ‘दुतोंडी’ म्हणायचे. रोज चार्ज केली तर बागेपर्यंत पेट्रोलचा थेंब लागत नाही, असं अण्णा पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगत. त्यांच्या मोबाइलमध्ये गाडीचं सगळं दिसायचं. किती चार्ज, किती पेट्रोल, दार उघडं का बंद.

मी यवतमाळकडचा. सातवीत शाळा सुटली, छाटणीच्या टोळीबरोबर इकडं आलो. पहिल्याच हंगामात कावीळ झाली. टोळी पुढच्या बागेवर निघून गेली आणि मी शेडमध्ये पडून राहिलो. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, महिनाभर पथ्याचं जेवण पाठवलं. बरा झाल्यावर अण्णांनी ट्रॅक्टर शिकवला, मग जीप, मग लायसन काढून दिलं. घरामागची खोली दिली. गावी माझी आई शेजारणींना सांगते, पोरगा नाशिकला साहेबाची गाडी चालवतो. म्हणून त्या घरात माझ्यासमोर कुणी नुसतं बोलता बोलता थांबलं तरी वाटायचं, माझंच काही चुकलं.

थंडी पडली आणि भानगड सुरू झाली. सकाळची पहिली फेरी माझी एकट्याची असायची. उजाडायच्या सुमारास फवारणीची औषधं बागेवर पोचवायची, दूध घेऊन परतायचं. मग ऊन वर आलं की अण्णांना घेऊन पुन्हा जायचं. या पहिल्या फेरीत चार्ज पुरेपूर असतानाही इंजिन आपोआप गुरगुरायला लागायचं. रोज नाही. धुकं असलं की हमखास. आणि अण्णा गाडीत बसले की गाडी गरीब गाय. एक गुरगुर नाही.

दोन आठवड्यांत पेट्रोलची एक रेघ खाली आली.

“काय रे,” अण्णा मोबाइल बघत म्हणाले, “गाडी रोज चार्ज करतो ना?”

“करतो अण्णा.”

“मग पेट्रोल कोण पितं?”

“इंजिन आपल्या मनानंच सुरू होते, अण्णा.”

“माझ्यापुढं तर कधी झालं नाय.”

“काहून होत नाही, तेच समजत नाही जी.”

माझं ‘काहून’ ऐकलं की अण्णा एरवी चिडवायचे, दिवसभर सगळ्यांना ‘काहून, काहून’ करायचे. त्या दिवशी चिडवलं नाही. मोबाइल खिशात घातला आणि आत गेले.

पेट्रोल काढणारा ड्रायव्हर ही काही नवी गोष्ट नाही. माझ्या आधी जीपवर जो होता तो त्याच कारणानं गेला, हे मला ठाऊक होतं. मी गाडीखाली रद्दी पेपर अंथरून बघितलं, गळतंय का. कोरडा. माहितीचं पुस्तक काढलं, ते जाडजूड आणि सगळं इंग्रजीत. चित्रं बघून ठेवून दिलं. कुणाला विचारावं तर बातमी अण्णांपर्यंत जायची, ड्रायव्हर पेट्रोलची चौकशी करत फिरतो म्हणून.

मग मी जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. माझ्या जुन्या मोटारसायकलमधलं पेट्रोल बाटलीत काढलं आणि गाडीत ओतलं. दोनदा, तीनदा. टाकीचं झाकण उघडायला आतलं बटण दाबून जरा थांबावं लागतं, मग सुस्स करून हवा सुटते. तेवढा वेळ मी घराच्या दाराकडं बघत राहायचो. चोरी करतानाही एवढा भ्यालो नसतो. रेघ पुन्हा वर आली. मला वाटलं, सुटलो. मोटारसायकल उभी करून मी भाजीबाजाराला पायी जायला लागलो.

चौथ्या दिवशी अण्णा समोर उभे राहिले.

“पंपावर गेला होतास?”

“नाही.”

“मग पेट्रोल वाढलं कसं?”

घट झाली तर निदान सांगायला काहीतरी असतं. वाढीला काय सांगणार? मी म्हणालो, “माहीत नाही जी.” त्या घरात मी बोललेलं ते पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अण्णा स्वेटर घालून स्वतःच स्टिअरिंगवर बसले. मला शेजारी बसवलं. रस्त्यावर दाट धुकं. काच आतून धुरकट झाली की अण्णा खांद्यावरचा टॉवेल घेऊन पुसायचे, जन्मभर जीप चालवलेली सवय. बागेपर्यंत इंजिन निपचित. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला हात जोडत होतो, एकदा तरी गुरगुरू दे.

शेडपाशी अण्णांनी गाडी थांबवली. “माझ्या हातात हिला बोलायचं नसतं. तुझ्याशीच बोलती का?”

टाकूनच बोलले. नंतर आठवडाभर औषधं जीपनं गेली आणि जीप दुसऱ्याच्या हातात. मी अंगणात बसून. काकू जेवण तसंच वाढायच्या, पण ताट ठेवून लगेच वळायच्या. मी कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. जा म्हटलं की निघायचं, उगाच त्यांना दोनदा सांगायला लावायचं नाही.

मंगळवारी पहाटे काकूंना वणीला सप्तशृंगीच्या गडावर जायचं होतं. अण्णांची कंबर धरलेली, म्हणून मला बोलावलं. दोघं मागं बसली. दिंडोरीच्या अलीकडंच धुकं लागलं.

“अरे बाबा, काच पूस,” काकू म्हणाल्या. “देवीच्या आधी देवाघरी नेशील.”

टॉवेल अण्णांच्या खांद्यावर, मागं. मी नेहमीसारखं काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं. भुर्रर करून वारा काचेवर आला आणि खालून इंजिन गुरगुरलं.

“थांब,” अण्णा म्हणाले. “आत्ता काय दाबलंस?”

“काच साफ करायचं.”

“बंद कर.”

बंद केलं. जरा वेळानं सगळं शांत.

“परत दाब.”

गुरगुर.

“आता परत बंद कर.”

“अहो, काय चाललंय?” काकू वैतागल्या. “काच तरी पुसू द्या त्याला!”

मी गाडी कडेला घेतली. मला हसू यायला हवं होतं. रोज सकाळी मीच दाबायचो ते बटण, नाक शिंकरावं इतक्या सवयीनं. अण्णा टॉवेलनं पुसायचे. काचेवर गरम वारा सोडायला गाडीला इंजिन लागायचं, एवढंच होतं ते. पण मला माहीत होतं पुढचा प्रश्न कोणता येणार, आणि तो आलाच.

“खाली गेलं ते कळलं,” अण्णा सावकाश म्हणाले. “वर कसं आलं?”

मी समोरच्या धुरकट काचेकडं बघत सगळं सांगितलं. बाटली, मोटारसायकल, सगळं.

काकूंनी कपाळाला हात लावला. “म्हणून बाजारात पायी जात होता व्हय! मी म्हणलं, मेल्याची फटफटी बिघडली का काय.”

अण्णा हसले नाहीत. “काढणारे लय पाहिले,” म्हणाले. “घालणारा पहिल्यांदाच. पण एक सांगतो. आज घाबरून घातलंस, उद्या घाबरून काय लपवशील? मला याचीच भीती वाटती.”

मी म्हणालो, “पिशवी भरलेली आहे, अण्णा.”

“गडावरून आल्यावर रिकामी कर,” काकू म्हणाल्या. “चल आता.”

अण्णांनी मागून टॉवेल पुढं दिला. मी काच पुसली आणि गाडी रस्त्यावर घेतली.

आता पहिली फेरी पुन्हा माझ्याकडं आहे. अण्णा अजूनही सकाळी मोबाइल उघडतात. माझ्यावर नजर ठेवायला का गाडीची काळजी म्हणून, ते विचारायचं धाडस होत नाही. टॉवेल मी जवळच ठेवतो. पण धुकं फारच दाटलं तर आधी त्यांना फोन लावतो.

“अण्णा, बटण दाबतोय जी.”

“दाब बाबा,” पलीकडून झोपेतला आवाज येतो. मग मी दाबतो.