जांभळे शिक्के मी पुसले

फोन कॉलेजच्या ऑफिसात आला होता. मी अकरावीचं प्रॅक्टिकल घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, सांगलीचा फोन हाय. बाई रडत्यात." मी धावत गेले. पलीकडून सुमनवैनी एवढंच म्हणाल्या, "शोभा, ह्ये गेले गं..." शशिकांत माळी, म्हणजे माझे सांगलीतले जुने घरमालक, आमचे शशीअण्णा, कुपवाडच्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीला वायरिंग करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. मी साताऱ्याहून मिळेल ती एसटी धरली, कराडला गाडी अर्धा तास उभी राहिली, आणि सांगलीत पोचेपर्यंत त्यांना नेलं होतं. त्या दिवशी मी रडले नाही. रडू आलं ते दहा दिवसांनी, शोकसभेत, आणि तेही दुःखानं नाही, संतापानं.

सभा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये होती. व्हिडिओ गेमचा होलसेल धंदा करणारे एक शेट बोलायला उभे राहिले. म्हणाले, "अण्णा म्हणजे मोठं लेकरूच! जन्मभर खेळण्यांत रमले. धंद्यात त्यांचं कुठं थोडंफार चुकलं असेल, ते आज आपण विसरू या." लोकांनी माना डोलावल्या. विसरू या म्हणे! माणसानं जी गोष्ट केलीच नाही तिची माफी त्याला मेल्यावर देऊन मोकळे झाले. आणि खरं काय ते ठाऊक असलेली, साताऱ्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवणारी मी सतरंजीवर मांडी घालून गप्प बसले. गप्प बसण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिली वेळ कोणती, ते सांगायला आज लिहायला बसले आहे.

माझे वडील कराडजवळच्या साखर कारखान्यात मोळ्या टाकायच्या कामावर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पहिली नोकरी कुपवाडला लागली, स्टॅबिलायझर तपासायची. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. विश्रामबागेत अण्णांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. खाली त्यांचं दुकान. टीव्ही दुरुस्त करायचे आणि व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचे. आजच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी हे यंत्र नव्हतं त्यांच्यासाठी सांगते : ही कॅसेट म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, आत एक सर्किट. ती यंत्रात खोचली की टीव्हीवर खेळ सुरू. माल परदेशातून मुंबईला उतरायचा आणि लॉटनं आमच्याकडं यायचा. एकच खेळ पुन्हा पुन्हा यायचा, वरचं चित्र तेच, पण दर खेपेला आतला माल उतरत गेलेला. हे सांगलीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दहावी नापास झालेल्या अण्णांच्या आलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढं एका विमानाच्या खेळाच्या दोन कॅसेटी ठेवल्या. "सांग बीएस्सी, ह्यात थोरली कोण आन् धाकटी कोण?" मी बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "दोन्ही सारख्याच आहेत की." अण्णा हसले. "चित्र सारखं हाय म्हणून? जुळ्या पोरींची आय म्हणती का कवा, दोन्ही सारख्याच हायत?" मग त्यांनी दाखवलं. थोरलीला पाच स्क्रू, धाकटीला तीन. थोरली खोलली तर आत हिरवा बोर्ड आणि पाय असलेल्या दोन आयसी, म्हणजे चिपा. धाकटीत तपकिरी बोर्ड आणि आयसीच्या जागी काळ्या डांबराचा एक थेंब. आणि सगळ्यात मोठी खूण मागच्या लेबलावर : कोपऱ्यात जांभळ्या शाईचा, नखाएवढा, दोन आकड्यांचा शिक्का. तो फक्त पहिल्या लॉटवर. "लोकं आधी म्होरचं चित्र बघत्यात, म्हणून फसत्यात. आपण आधी पाठ बघायची," अण्णा म्हणाले. घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून, मेहुण्याच्या सराफी काट्यावर वजन करून त्यांनी एकेक कॅसेट वहीत उतरवली होती. स्क्रू कुठं, लेबलाचा कोपरा गोल की टोकदार, शिक्क्याचा आकडा कोणता, सगळ्याची चित्रं काढलेली. मी कारखान्यात पगार घेऊन तपासणी करायची. पण तपासणी म्हणजे काय ते मी ह्या माणसाच्या काउंटरवर शिकले. तेव्हा हे मी कबूल केलं नसतं. तेव्हा मी त्यांना आयसी कशी चालते ह्यावर भाषणं द्यायचे, आणि ते सोल्डरिंगचा धूर फुंकत "व्हय, व्हय" म्हणत ऐकून घ्यायचे.

दसऱ्याला सगळे कारागीर हत्यारं पुजतात. अण्णाही मीटर, सोल्डरिंगची कांडी, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडायचे, आणि त्यांच्या शेजारी पहिल्या लॉटच्या सगळ्या कॅसेटी, पालथ्या. प्रत्येकीच्या पाठीवर, शिक्क्याला लागून, हळद आणि कुंकवाचं बोट. मी एकदा विचारलं, पुढं का नाही लावत? "म्होरं चित्र खराब हुतंय. आन् शिक्का म्हंजे तिचं कपाळच की गं." हे ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं. दर वर्षाचं बोट आदल्या वर्षाच्या बोटावर बसत गेलं आणि त्या पाठी लाल-पिवळ्या, डागाळलेल्या दिसायला लागल्या.

दोन-तीन वर्षांनी मला साताऱ्याला कॉलेजात नोकरी लागली. निघताना अण्णांनी त्याच विमानाच्या खेळाची थोरली कॅसेट माझ्या हातात ठेवली. "पोरांना शिकवशील तवा दाखव. बारकाईनं बघायचं म्हंजे काय, ते कळंल त्यास्नी." मी ती कपाटात टाकली. पण रविवारी सांगलीला जाणं सुटलं नाही. अशाच एका रविवारी वैनींनी बातमी दिली : जुन्या खेळांचा नाद असलेले पुण्याचे एक गृहस्थ येणार आहेत. परदेशातल्या शौकिनांशी त्यांचा पत्रव्यवहार. आपल्याकडं पहिल्या लॉटचा कोणता माल उतरला ह्याची यादी ते छापणार होते. शोकसभेत बोललेल्या त्याच शेटच्या दुकानात त्यांनी अण्णांच्या वहीबद्दल ऐकलं होतं. माल खरा निघाला तर यादी वहीवरूनच होणार आणि खाली अण्णांचं नाव येणार. अण्णांनी नवा शर्ट शिवून घेतला. वैनी म्हणाल्या, "लग्नातबी एवढं नटलं नव्हतं!" "लग्नात तुला बघायला आलती लोकं," अण्णा म्हणाले. "आता मला बघायला येत्यात."

गृहस्थ यायचे त्या दिवशी सकाळी अण्णा खुर्च्या मागून आणायला शेजारी गेले होते. टेबलावर कॅसेटी मांडलेल्या, पालथ्या, सगळ्यांना कुंकू. दसरा नुकताच झालेला. मला लाज वाटली. पुण्याचा शिकलेला माणूस येणार आणि हे असलं गावठी दिसणार... माझ्या बापाच्या पायात चप्पल नसायची तेव्हा मैत्रिणींसमोर वाटायची, तीच लाज. पिना पुसायची स्पिरिटची बाटली शेजारीच होती. कापूस घेतला आणि एकेक पाठ लख्ख पुसून काढली. कापूस लाल झाला, मग जांभळा. कुंकू जुनं झालं की जांभळट होत असेल, असं मी मनाशी म्हटलं. शिक्क्याचं अण्णांनी मला दहादा सांगितलं होतं. मी ऐकलंच नव्हतं, कारण त्या वेळी मी त्यांना शिकवत होते.

गृहस्थ आले, शेट बरोबर होते. चहा झाला. त्यांनी पहिली कॅसेट उचलली आणि सरळ उलटी केली. मग दुसरी, मग तिसरी. "शिक्के कुठे आहेत हो?" अण्णांनी एक कॅसेट हातात घेतली, नाकाशी नेली. वास आलाच असणार. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी बोटं जांभळी झाली होती. मी मुठी मिटल्या.

"फिकी शाई असती," अण्णा म्हणाले. "उडाले असतील. आतला बोर्ड बघा की."

"सगळे एकदम?" गृहस्थ हसले. "बोर्डाचं नका सांगू मला. तुम्ही दुरुस्तीवाले, बोर्ड काय, कुठलाही बसवाल. चांगला छंद आहे तुमचा, चालू ठेवा. पण नव्याला जुनं म्हणून दाखवू नये." शेटही हसले. वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. त्या क्षणी मी एक वाक्य बोलायचं होतं : शिक्के होते, मी आत्ता स्पिरिटनं पुसले, हा बघा कापूस. केराच्या डब्यात पुरावा पडला होता, तीन हातांवर. मी बोलले नाही. बीएस्सी झालेल्या बाईला स्पिरिटनं शाई उडते एवढं कळलं नाही, हे दोन परक्या माणसांपुढं कबूल करणं मला जमलं नाही. अण्णांचं नाव गेलं तरी चालेल, माझी पदवी जपली पाहिजे... एवढा माझा हिशेब होता.

संध्याकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "बीएस्सी, स्पिरिट निस्तं पिनांना लावायचं असतंय गं." बस्स. ना आवाज चढवला, ना पुन्हा कधी विषय काढला. लोक ह्याला मोठं मन म्हणतील. मला आजही त्याचा राग येतो. ओरडायचं होतं अण्णा, चारचौघांत माझे वाभाडे काढायचे होते, म्हणजे मला तोंड उघडावं लागलं असतं!

साताऱ्यात कपाट उघडलं तर माझी कॅसेट तशीच होती, कुंकवासकट, शिक्क्यासकट. मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "एकटीला घिऊन काय करू? म्हणतील घरी बसून शिक्का उठवला. ठिव तुझ्यापाशी." बरोबरच होतं. एकटी कॅसेट काही सिद्ध करत नव्हती. तिच्या जोडीला माझं एक वाक्य हवं होतं. ते त्यांनी मागितलं नाही. मी दिलं नाही.

इकडं शेटनं आपलं काम केलं. अण्णा आतला माल बदलतो, ही गोष्ट बाजारात फिरली. वर्षानुवर्षं टीव्ही टाकून निश्चिंत जाणारी गिऱ्हाइकं आता काउंटरला टेकून उभी राहायची. "आमच्यासमोरच खोला, अण्णा." अण्णा त्यांच्यासमोर खोलायचे. एकेक स्क्रू कागदावर काढून ठेवायचे, निघालेला भाग त्यांच्या हातात द्यायचे. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. एका रविवारी गेले तर दुकानाचं शटर खाली होतं आणि अण्णा कुपवाडच्या पाळीला गेले होते. ज्याच्या डोळ्याला अख्ख्या जिल्ह्यात तोड नव्हती, तो माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात वायरी कापत मेला. आणि हे म्हणतात, मोठं लेकरू! लेकरू नव्हते ते. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जबाबदारीनं बघणारा माणूस होता. बघितलं तेवढंच लिहायचा, आणि लिहिलं त्यात एक खोट नव्हती.

हा लेख लिहायच्या आधी मी वैनींकडं गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, घराबाहेर काढतील. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. त्याच दिवशी डब्यातला कापूस मीच टाकला न्हवं का."

"मग बोलला का नाही?"

"ह्यांनी शपथ घातलीती. तुझी नोकरी नवी हुती, कॉलेजात नाव व्हायचं हुतं." मग वर बघून म्हणाल्या, "आता लिव. पर आपलं 'चूक झाली' म्हणून गोल गोल नगं लिवू. स्पिरिट लावलं, असं लिव. गप बसले, असं लिव."

तर लिहिते. शशिकांत माळी ह्यांच्या पहिल्या लॉटच्या कॅसेटींवरचे शिक्के मी, शोभानं, स्पिरिट लावून पुसले, आणि त्यांना खोटं ठरवलं जात असताना मी तिथंच गप्प बसले. त्यांची वही वैनींकडं आहे. तिच्यातली एकूण एक नोंद खरी आहे. हे छापून आलं की शेटना आणि पुण्याच्या त्या गृहस्थांना ह्या पानाची कात्रणं मी टपालानं पाठवणार आहे.

राहिलेली एक कॅसेट आत्ता माझ्या टेबलावर आहे. कुंकू वाळून विटकरी झालंय, हळद लेबलाच्या कडेला धरून आहे, आणि दोघांच्या मधून जांभळा शिक्का दिसतो, दोन्ही आकडे वाचता येतात. वहीत त्या खेळापुढं अण्णांनी जे लिहिलंय तेच आकडे. ज्याला खात्री करायची असेल त्यानं साताऱ्याला यावं, भिंग मी देईन. कॅसेट पालथीच ठेवली आहे. आधी पाठ बघायची. आणि बोट लावायचं नाही.