नको म्हणाले, म्हणून थांबलो

माझा स्वभाव मुळात धास्तीखोर. परराष्ट्र सेवेत निवड झाली तेव्हा घरचे पेढे वाटत होते आणि मला घोर लागला होता की काटा-सुरी कोणत्या हातात धरायची. दिल्लीच्या प्रशिक्षणात तेही शिकवलं. बोलण्याआधी थांबावं कसं, समोरच्याचं ऐकावं कसं, न दुखावता विषय बदलावा कसा. सरावाच्या एका मेजवानीत मी शेजारच्या पाहुण्याला गोडाचा जरा जास्तच आग्रह केला. शिकवायला आलेल्या निवृत्त राजदूत बाईंनी चमचा खाली ठेवला. "पाहुणा नको म्हणाला की विषय संपला. नकाराचा मान राखता येत नसेल तर पुढे वाटाघाटी काय करणार?" सगळ्यांसमोर माझे कान लाल झाले. ते वाक्य मी असं घोकलं की झोपेतही म्हटलं असतं.

त्यानंतर सुट्टीवर नाशिकला आलो तो ताईच्या सोयरिकीसाठी. मुलगा नामपूरचा, नोकरी नाशिकलाच. दोघं कॉलेज रोडला कॉफी प्यायला भेटत होती आणि त्याचा फोन आला की ताई गॅलरीत पळत होती, म्हणजे तिचा होकार सांगायला नको. त्यांच्याकडून शेवटचा शब्द मुलाच्या मोठ्या काकांचा. ते जेवायला आले.

आईने पुरणपोळ्या, सोबत रशी म्हणजे झणझणीत आमटी, कुरडया असा बेत केला होता. वडील पाहुण्यांबरोबर बसले आणि वाढायला मी. मुलीच्या भावाने वाढायचं ही आमची रीत. काकांची पोळी संपली तशी मी दुसरी पुढे केली. "नको, बस झालं," म्हणत त्यांनी ताटावर हात आडवा धरला. मी हसून मान झुकवली आणि पुढे सरकलो. रशीचं तसंच, भाताचं तसंच. वडील डोळे वटारत होते, मला वाटलं तिखट लागलं असेल. मनातल्या मनात मी स्वतःला पैकीच्या पैकी गुण देत होतो. काका उठले, हात धुतले, सुपारीही घेतली नाही. "कळवतो," एवढंच म्हणाले.

दार लागल्यावर आई पोळ्यांची चळत घेऊन बाहेर आली. "अरे, माणूस उपाशी उठला की रे!"

"ते नको म्हणाले."

"मग काय, वाढ म्हणतील?"

संध्याकाळी मध्यस्थांचा फोन आला. काकांचं म्हणणं, यांचा हात आखडता आहे, आताच ही तऱ्हा तर पुढे येणं-जाणं काय राहणार? आणखी एक स्थळ सांगून आलंय, तेही बघू म्हणतात. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन उपडा ठेवला. मग हळूच म्हणाली, "तू तिकडे देशादेशांची भांडणं मिटवणार. इथे एक पोळी वाढता आली नाही तुला?"

सकाळी कोणालाही न विचारता मी काकांच्या गावी जायला सटाण्यावरून नामपूरला जाणारी एसटी धरली. वाटेत वाक्यं जुळवत होतो. 'गैरसमज', 'खेद', 'उभय कुटुंबे'. सगळी सरकारी पत्रकासारखी वाटायची, मग मनातून पुसून टाकायचो. नामपूरला उतरलो तर मार्केटबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. परत फिरावंसं वाटलं. आधीच बिघडलेलं मी आणखी बिघडवलं तर ताईला कोणतं तोंड दाखवू?

घर शोधत पोचलो, तर काका "ये" एवढंच म्हणाले. जेवणाची वेळ होती, ताट आलं. भाकरी आणि भरीत. पहिली भाकरी संपली तशा काकू दुसरी घेऊन आल्या. मी सवयीने म्हणालो, "नको." काकू तरीही वाढणार होत्या, पण काकांनी हात वर केला.

"नको म्हणना ना तो? मंग ऱ्हाऊ दे."

काकू परत गेल्या. माझ्या ताटात भरीत उरलं होतं आणि भाकरी नव्हती. सकाळपासून पोटात ती एक भाकरीच काय ती गेली होती. पण भुकेपेक्षा जास्त लागलं ते हे, की माझ्यावाचून इथे कोणाचं काही अडत नाही. काका आमच्याकडे असेच बसले असतील. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"काकू, भाकरी वाढा," मी म्हणालो. "मला भूक लागलीय. काका आमच्याकडून उपाशी उठले ते माझ्यामुळे. आईने ढीगभर पोळ्या केल्या होत्या. मला दिल्लीत शिकवलंय, नको म्हणजे नको. मला वाटलं, मी मान राखतोय."

मुलीकडच्या माणसाने मागून खायचं म्हणजे लाज सोडल्यासारखंच. काकांचे खांदे हसण्याने हलायला लागले. "असं शे का!" म्हणत ते स्वतः उठले आणि भाकरीची टोपली घेऊन समोर बसले. मग मी खरोखर नको म्हणत होतो, दोन्ही हात ताटावर धरत होतो आणि ते बोटांच्या फटीतून वाढत होते. पोट फुटायची वेळ आली. लग्नाचं मात्र ते काही बोलेनात आणि विचारायची माझी छाती होईना.

निघताना त्यांनी कुरडयांची पिशवी हातात दिली. "ह्या आमनी सूनले दे."

घरी ताई दारातच उभी होती. मी पिशवी पुढे केली आणि काका म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. तिने ती पिशवी अशी कवटाळली की आतल्या कुरडया कडाकडा मोडल्या.