एकाच गावाचा रकाना

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक खोली आणि कायम घरघरणारा एसी. सकाळी ट्रेलरच्या रांगेत बस अडकते, त्यामुळे कामाला बसण्याआधीच मी दमलेली असते. तक्रार म्हणून सांगत नाही. पण जे झालं त्यात या दमण्याचाही वाटा होता.

आमच्याकडे एक डिरेक्टरी सर्व्हर आहे. यार्डातल्या प्रत्येक माणसाची त्यात नोंद असते आणि गेटपासून कँटीनपर्यंत सगळ्या यंत्रणा त्यालाच विचारतात, हा माणूस आपला का? नोंदीत कोणते रकाने असावेत हे त्याच्या स्कीमात, म्हणजे नियमांच्या साच्यात, ठरलेलं असतं. नाव, हुद्दा, फोन हे तयार मिळतात. वेगळा हवा असेल तर आपण घडवायचा. घडवतानाच ठरवावं लागतं, त्यात एकच गोष्ट मावेल की अनेक. आमच्या सर्व्हरवर ते नंतर बदलत नाही. रकाना पुसताही येत नाही, फार तर बंद करून ठेवता येतो.

बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातले किती लोक आमच्याकडे कामाला आहेत, याची यादी सरकारी कचेरीने मागवली. एचआरच्या मॅनेजर बाई माझ्या खोलीत आल्या.

"मूळ गावाचा एक रकाना घाल. एक माणूस, एक गाव. यादी सरळ आली पाहिजे."

"एकच पुरेल सगळ्यांना?"

"अगं, मूळ गावं किती असतात माणसाला?"

मी वाद घातला नाही. चाचणीसाठी ठेवलेला जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात बंद पडला होता. दुसरा मागायचा तर अर्ज, सह्या, वाट बघणं. मी बॅकअप घेतला, थेट मुख्य सर्व्हरवर रकाना जोडला आणि 'एकच' या पर्यायावर खूण केली. पाच मिनिटांचं काम.

चालतंय का बघायला पहिली नोंद माझीच भरली. तिथे बोटं अडली. माहेर म्हसळ्याचं, सासर माणगावचं, संसार उरणला. मी माणगाव लिहिलं, कारण आधार कार्डावर तेच आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं, पण मागे फिरून विचार करायचं त्राण नव्हतं.

मग माणसं आपापली नोंद तपासायला येऊ लागली. त्यात कंटेनर उचलायची मोठी मशीन चालवणारे एक काका होते, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. खिशातून चष्मा काढून त्यांनी स्क्रीन नीट वाचली.

"मॅडम, ह्यो अर्धाच हाय."

"म्हणजे?"

"बंदर आला तवा आमचा गाव उठवला. जमिनीच्या दाखल्यावर जुना गाव हाय, आधारवर नवा. दोनी लिवा."

दोन लिहायला गेले तर सर्व्हर नाकारत होता. स्वल्पविराम देऊन एकत्र लिहिली तर ते भलतंच तिसरं गाव होऊन बसायचं, कचेरीच्या यादीशी न जुळणारं. मी बाईंना फोन लावला. "आधारवरचं ठेव," त्या म्हणाल्या. मी ठेवलं. काकांनी चष्मा खिशात घातला आणि ते उठून गेले.

यादी गेली, तपासून परत आली, नोटीस बोर्डावर लागली. काकांचं नाव तिच्यात नव्हतं. त्यांच्या गावच्या इतर कामगारांचंही नव्हतं. जमीन गेलेल्या गावांत हे नवं गाव नाही, असा शेरा होता.

काका दुपारच्या सुट्टीत आले. हेल्मेट काखेत.

"माझे लेकीनं प्रकल्पग्रस्तांच्या नोकरीच्या जागेवर अर्ज केलाय," ते म्हणाले. "तिला इचारतात, बाप यादीत का न्हाय?"

"काका, सिस्टीम दोन गावं घेत नाही."

"सिस्टीम कोनी बनवली?"

क्षणभर मला वाटलं, सांगावं, परदेशातल्या कंपनीने. पण तो रकाना त्यांचा नव्हता.

"मी," मी म्हटलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी घेऊन गेले आणि बंदराकडे बोट केलं. "तो तिसरा क्रेन दिसतो? त्याच्या खाली आमचा मासली सुकवायचा खला व्हता. थय आता कागदावर पन जायाचा न्हाय का?"

त्याच दिवशी मी बाईंना लेखी दिलं, की चूक माझी आहे, घाई केली, रकाना नव्याने करावा लागेल. बाईंनी कागद दोनदा वाचला. "सांगितलं तर मीच होतं," त्या हळूच म्हणाल्या आणि सही केली. या वेळी चाचणीचा कॉम्प्युटर मिळेपर्यंत मी हटले नाही. मंजुऱ्यांना तीन आठवडे गेले. मग अनेक गावं मावतील असा नवा रकाना केला, प्रत्येक नोंद त्यात हलवली, जुना बंद केला. त्या गावच्या कामगारांना एकेक करून बोलावलं आणि ते सांगतील तसं टाइप केलं. मान आखडली. कुणी आभार मानले नाहीत, मानावेत असं काही नव्हतंही.

दुसरी यादी मान्य झाली तोवर काका निवृत्त झाले होते. गेटचा पास परत करायला ते आले तेव्हा मी यादीची प्रत काढून दिली. आपल्या नावावर बोट ठेवून त्यांनी पुढची दोन्ही गावं मोठ्याने वाचली.

"लेकीचं काय झालं?" मी विचारलं.

"अर्ज घेतला त्यांनी. नोकरी अजून न्हाय." त्यांनी कागदाची घडी घातली. "पन आता इचारत न्हायत, बाप कुटचा ते."