बिभीषणमामांची बिनभांगेची थंडाई

आमचे बिभीषणमामा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या त्यांच्या गावात महाशिवरात्रीपुरते अर्धे देवच. देवळातली भांग वाटावी ती त्यांनीच. पाट्यावर बसले की दुसऱ्या कुणाला वरवंट्याला हात लावू देत नसत. एरवी माणूस इतका मऊ, की वाटेतल्या शेळीलाही 'सरक गं बाई' म्हणणार.

त्यांची लेक निकिता. कॉलेजात असताना तिला कुणी जवळ नसतानाही आवाज ऐकू यायला लागले. धाराशिवच्या मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते थांबले, पोरगी पुन्हा हसायला लागली. तेवढ्यात मामांनी मोबाइलवर ऐकलं, की माणसाच्या मेंदूत भांगेसारखंच काहीतरी आपोआप तयार होतं आणि त्या झाडातून मनाच्या आजारावर औषध शोधतायत. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! त्या शिवरात्रीला त्यांनी देवापुढचा पेला लेकीला दिला. प्रसादाला नाही कोण म्हणणार?

आवाज परतले. बापानं विष घातलंय, असं ते सांगू लागले. निकिता मामांच्या हातचं पाणीसुद्धा घेईना.

डॉक्टर रागावले नाहीत, हेच मामांना जास्त लागलं. त्यांनी समजावलं, की मेंदू लागेल तिथं, लागेल तेवढंच तयार करतो. भांग मात्र सगळीकडं घुसते आणि असा आजार बळावतो. त्याच झाडातल्या दुसऱ्या एका घटकाचा अभ्यास चाललाय, पण तो निराळा.

"म्हंजी आत ठिबक व्हतं," मामा म्हणाले, "अन् म्या पाट फोडला."

उपचारांनी आवाज गेले, भीती तेवढी राहिली. निकिताला मामीच वाढायची. मामा आपलं ताट घेऊन ओसरीवर बसायचे. मला त्यांचा भयंकर राग आला होता, तो त्यांना तसं जेवताना पाहून विरला.

यंदा मामांनी नुसती बडीशेप, बदाम आणि मिरी वाटली. गावातले रामहरीआबा एक घोट घेऊन चिडले, "बिभीषणा, महादेव कोपंल की."

"कोपू द्या, आबा. महादेवाला भगत लई हायत. माज्या लेकीला बाप येकच हाय."

निकिता पायरीवर बसून ऐकत होती. ती उठून मामांपुढं आली आणि हात पुढं केला.

"द्या, अप्पा."

मामांनी पेला काठोकाठ भरून दिला. तिनं तो रिकामा केला.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

मामा सगळ्यांदेखत रडले.