तीन पुस्तकं, एक राजा आणि नारळाचं दुकान

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण मी जे सांगणार आहे त्यात गाढव शोधायला फार लांब जावं लागणार नाही. ते तुमच्यासमोरच बसलंय!

तर आमचा एक खेळ आहे. पत्ते नाही, कॅरम नाही. गोष्टीचा खेळ! चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण जादूटोण्याचं, राजेरजवाड्यांचं जग चालवतो, त्याला आम्ही मास्टर म्हणतो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात, फासे टाकतात आणि लढतात. दर रविवारी दुपारी, सुरतेतल्या पांडेसऱ्यात, माझ्या घरी. मास्टर अर्थातच मी!

पण भावेशचं मन उडालं होतं. भावेश म्हणजे आमच्या मिलमधला माझा दोस्त, पक्का सुरती. एक दिवस म्हणाला, "मास्टर, वेसूमध्ये एक कॅफे छे. एसी छे. खेळाची नवी आवृत्ती रमे छे. आपण सगळे तिकडे जाऊया ने?"

टेबल त्या श्रीमंतांच्या वेसूला गेलं म्हणजे माझं मास्टरपण गेलं. तिथं त्यांचा मास्टर आहे, मला कोण विचारतो? सांगा ना, कोण विचारतो?

मी ताठ बसून म्हणालो, "नव्या पुस्तकांत दम नाही. नुसती चकचकीत चित्रं! खरं जग बघायचं तर जुनी पुस्तकं पाहिजेत. एक रविवार द्या मला. नाही आवडलं तर खुशाल जा वेसूला."

जुनी पुस्तकं म्हणजे त्या काल्पनिक जगाच्या माहितीची पुस्तकं. राजा कोण, नदी कुठली, देव किती, सगळं त्यात असतं. पुण्याच्या एका माणसाकडून मी तीन मागवली. तिन्हींवर जगाचं नाव एकच. आल्यावर पारखली कशी विचाराल, तर कापड पारखतो तशी! कागद चिमटीत धरला, वास घेतला, पुठ्ठ्यावरची छपाई उन्हात धरून पाहिली. पास!

आणि इथंच माझ्यातला सुरतवाला जागा झाला.

मी साडीच्या फोल्डिंगचा सुपरवायझर. आमच्याकडे अख्खी साडी एका हातानं होतच नाही. रंग एका मिलमध्ये, लेस एका घरी, टिकल्या दुसऱ्या घरी, आणि शेवटी घडी आमच्याकडे. असं वाटून दिलेलं काम म्हणजे जॉबवर्क. टिकल्या लावणारीनं रंगवाल्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं, तरी साडी झकास होते! मग एवढी जाडजूड पुस्तकं एकट्यानं का वाचायची? दिली वाटून. प्रत्येकानं आपापलं वाचायचं, त्यातून आपलं पात्र बनवायचं, आणि रविवारी सगळं जोडायचं. जोडणार मी. जोडणाऱ्यानं वाचायची काय गरज?

हो, बरोबर ऐकलंत. मी एकही पान वाचलं नव्हतं.

रविवार उजाडला. पहिले आले नानाकाका. आमचे शेजारी, मूळचे शिरपूरकडचे, पक्के अहिराणी बोलणारे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. डोक्यावर फेटा! खराखुरा! म्हणाले, "मी ऑस्मर राजाना अंगरक्षक शे. आते राजाले कोनी हात लाई दखाडा!"

मी म्हणालो, "वा! भावेश, तू कोण?"

"माझी दुकान छे," भावेश खुशीत म्हणाला. "नारळ, हार, अगरबत्ती. राजा ऑस्मरच्या समाधीसमोर. शुं घराकी छे, यार!"

नानाकाकांचा फेटा हलला. "कोनी समाधी?"

"ऑस्मर राजाची. गुजरी गया ने, शंभर वरस थई गया."

"मना राजा जिता शे!"

मी वैशालीकडे पाहिलं. वैशाली माझी चुलतबहीण, भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवते, डोक्यानं शांत. म्हटलं, ही तरी सावरेल. ती म्हणाली, "दादा, मी कोळीण आहे. ऑस्मर राजाचं शहर बुडून आता तिथं तळं झालंय ना, त्यात जाळं टाकते. राजवाड्याच्या गच्चीवर मासे फार चांगले मिळतात."

म्हणजे बघा! नानाकाका राजवाड्याच्या दारात पहारा देतायत, भावेश त्याच राजाच्या समाधीसमोर नारळ विकतोय, आणि वैशाली दोघांच्या डोक्यावरून होडी नेतेय. एकच जग, पण एकेक पुस्तक एकेका शतकातलं! दर आवृत्तीला खेळ काढणारी कंपनी ते जग शंभर वर्षं पुढे ढकलते, हे मला कोण सांगणार? पहिल्याच पानावर लिहिलं होतं म्हणे.

तिघं माझ्याकडे बघू लागले. "मास्टर, राजा जिवंत की मेला?"

मला घाम फुटला. वेसूचा एसी डोळ्यांपुढे दिसायला लागला. मी म्हणालो, "राजा... आजारी आहे."

झालं! नानाकाका उठले, "मंग मी वैद लई येस!" वीस बाजूंचा फासा टाकला, तर वीस! वैद्य धावतच आला.

भावेश ओरडला, "राजा बरा झाला तर मारी दुकान बंध थई जशे! मी रस्ता अडवतो!"

"रस्ता कुठला?" वैशाली म्हणाली. "पाणी आहे. होडी माझी आहे, आणि मी वैद्याला नेणार नाही. माझे मासे पळतील."

वैद्य पोहत निघाला आणि बुडाला. राजा मेला. नानाकाका मटकन खाली बसले. "मी ड्युटीवर व्हतू, अन् माले कोनी सांगं बी नही! आते राणीले काय तोंड दखाडू? पहिले राजानी गंधमुक्ती व्हई, मंग तुमना खेळ!"

खानदेशाकडे माणूस गेल्यावर सुतक संपवायला भाऊबंद जमून करतात ना, तीच गंधमुक्ती! भावेश लगेच नारळ पुरवायला तयार. वैशालीनं पाहुण्यांच्या होड्या ठरवल्या. कोण आधी रडणार यावर फासे पडू लागले. मला कुणी विचारेना.

शेवटी भावेशला आठवण झाली. "मास्टर, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"माझ्याकडे कुठलं पुस्तक? मी जॉबवर्कला वाटली ना सगळी. मी नुसती घडी घालणार."

वैशालीनं कपाळावर हात मारला. "दादा, साडी एकच असते म्हणून ते जमतं. तू तीन साड्यांचे तुकडे वाटलेस!"

मग तिनं माझी खुर्ची ओढून घेतली. तिच्या पुस्तकात मागचा सगळा इतिहास होता, त्यामुळे मास्टर ती झाली. वेसूचं नाव कुणी काढलं नाही. टेबल वाचलं! माझ्याच घरात राहिलं! माझं काय? मला मोठ्या मानानं ऑस्मर राजा केलं. मी फुगलो. विचारलं, "मी करायचं काय?"

"काही नाही, दादा. सोफ्यावर आडवा हो."

तेव्हापासून दर रविवारी मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर, डोळे मिटून पडलेला असतो. गंधमुक्ती अजून संपलेली नाही. परवा घसा सुकला म्हणून हळूच म्हणालो, "अरे, मलाही अर्धा कप चहा द्या."

नानाकाका फेटा सावरत गरजले, "गप ऱ्हाय! मरेल मानूस कधी चहा मांगस का?"