भाडेकरू काका आणि माझं अनिवासीपण

आई-बाबा गेल्यावर आमच्या हिंदीभाषक गावातलं, ग्वारीघाट रोडवरचं घर माझ्या नावावर झालं, तेव्हा मला कॅनडात जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर मी एका काकांना भाड्यानं दिलं. मूळचे नागपूरचे, बँकेतून निवृत्त, एकटे. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. टाकीचा गळका नळ, आंब्याचा मोहोर, शेजारच्यांचं भांडण. आठवडाभरात माझ्या कानावर पडणारं मराठी तेवढंच.

मागच्या हिवाळ्यात गावी आले, तेव्हा तिथल्याच ओमती भागातल्या एका सीएकडे गेले. भाड्यावरचा टॅक्स मी दरवर्षी भरत होते, त्यामुळे निर्धास्त होते. ते म्हणाले, "मैडम, आप तो एनआरआई हैं. टीडीएस किराएदार को काटना था, हर महीने, तीस परसेंट से ऊपर. नोटिस आया तो उन्हीं को आएगा."

"और उन्हें न बताऊँ तो?"

"आपकी मर्ज़ी," म्हणत त्यांनी पुढची फाईल ओढली.

ऑटोत बसल्यावर गप्प राहायचा विचार मी खरंच केला. पण या वयात त्यांच्या नावानं नोटीस यावी, हे मनाला पटेना. संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. टॅक्स कापणाऱ्याचा एक सरकारी नंबर काढायचा, दरमहा भाड्यातून टॅक्स कापून भरायचा, दर तिमाहीला रिटर्न. "सीएकडून मीच करून घेते. तुम्ही फक्त सही करा."

काकांचा चहा निवून गेला. "बेटा, बँकेत चाळीस वर्षं सह्याच केल्या. आता सहीची भीती वाटते. काहून करू हे सगळं? पोरगा केव्हाचा नागपूरला बोलवून राहिला."

"चुकलंच माझं, काका. आधीच विचारायला हवं होतं."

"अगं नाही. सांगितलंस ते बरं केलंस."

पंधरा दिवसांत त्यांचं सामान टेम्पोत चढलं. किल्ल्यांना त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या होत्या: गच्ची, मागचं दार. पुढचे चार दिवस मी त्या घरात एकटीच होते. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, ते मला आठवत नव्हतं.

सुरुवातीला काकांचे फोन आले. मग घराचं काही सांगण्यासारखं उरलं नाही, आणि दुसरं काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

यंदा रिटर्न भरताना सीएनं फोनवर विचारलं, "मकान में अभी कौन है?"

"कोई नहीं."

"चलो, फिर तो कोई झंझट ही नहीं," असं म्हणून त्यांनी भाड्याच्या रकान्यात शून्य भरलं.